आधी गावातलं काम, मग परदेशी शिष्यवृत्ती: खान्देशातल्या मुलामुलींसाठी क्रमवार मार्गदर्शन

"परदेशात मोफत शिक्षण, विमानाचं तिकीटसुद्धा! शेवटचे तीन दिवस!" असा मेसेज जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेज ग्रुपांवर सतत फिरत असतो. त्यातल्या बऱ्याच योजना भारतात राहणाऱ्यांसाठी नसतातच. 'युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर' हे नेहमीचं उदाहरण. युरोपभर फिरून स्वयंसेवा करण्याची ही योजना युरोपीय संघातल्या आणि शेजारच्या काही देशांतल्या तरुणांसाठी आहे, त्या यादीत भारत नाही. तरी आपल्याकडची मुलं तिचा फॉर्म शोधत बसतात. उलट ज्या योजना खास आपल्यासाठी आहेत, त्यांची जाहिरात तालुक्याच्या कॉलेजच्या बोर्डापर्यंत पोचत नाही.

दुसरा घोळ क्रमाचा आहे. अनेकांना वाटतं, आधी लाखभर रुपये भरून बाली किंवा केनियात सहा आठवडे 'व्हॉलंटिअरिंग' करून यावं, सर्टिफिकेट मिळवावं, म्हणजे पुढे शिष्यवृत्ती सोपी जाईल. निवड करणारे मात्र वेगळंच बघतात. ब्रिटनच्या चेवनिंग शिष्यवृत्तीला 2800 तासांच्या कामाचा अनुभव लागतो. जर्मनीच्या डाड या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या 'इपॉस' या विकासविषयक शिष्यवृत्तीला पदवीनंतर किमान दोन वर्षांची नोकरी लागते, अमेरिकेत शिकण्यासाठीच्या फुलब्राइट-नेहरूच्या मास्टर्स फेलोशिपला तीन वर्षांची. तुम्ही जिथे राहता तिथे काय केलंत, हा त्यांचा पहिला प्रश्न. त्यामुळे क्रम असा धरा: आधी गावातलं नाहीतर कॉलेजातलं काम, मग घरबसल्या आंतरराष्ट्रीय काम, मग जमलं तर छोटा दौरा, आणि शेवटी मोठी शिष्यवृत्ती.

वयाप्रमाणे दार वेगळं

वय 15 ते 19 असेल तर रोटरी युथ एक्स्चेंज बघा. अर्ज थेट इंटरनेटवरून होत नाही, तो स्थानिक क्लबमार्फत जातो. म्हणून जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे किंवा तुमच्या तालुक्यात क्लब असेल तर तिथल्या अध्यक्षांना प्रत्यक्ष भेटा. आईवडील रोटरीचे सदस्य असायलाच हवेत असं नाही. तिकडे राहणं यजमान कुटुंबात आणि शाळा बिनफीची. विमान, विमा, व्हिसा आणि कार्यक्रमाचा खर्च आपला. वर्षभराच्या कार्यक्रमात इथलं शैक्षणिक वर्ष बुडू शकतं, त्यामुळे मधल्या अकरावीत जाण्यापेक्षा बारावीनंतर जाणं किंवा काही आठवड्यांचा छोटा कार्यक्रम निवडणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. आणि हा व्यवहार दुतर्फी आहे. तुमचं लेकरू फ्रान्सला गेलं तर तिकडचं एखादं लेकरू तुमच्या घरी येणार. शेवभाजीचा तिखटपणा जरा बेतात ठेवायची तयारी हवी.

पदवीला असाल तर एनसीसी आणि एनएसएस ही दोन नावं हलक्यात घेऊ नका. एनसीसीच्या युथ एक्स्चेंज प्रोग्रॅमसाठी कॅडेट निवडले जातात ते दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन शिबिरातून. म्हणजे परदेश दौऱ्याची तयारी कॉलेजच्या मैदानावरच्या परेडपासून सुरू होते. केंद्राचं युवक मंत्रालय इतर देशांबरोबर युवा शिष्टमंडळांची देवाणघेवाण करतं, त्यातली मुलंही प्रामुख्याने अशा संघटनांतून जातात. 31 ऑक्टोबर 2023 ला सुरू झालेल्या 'माय भारत' पोर्टलवर नोंदणी करून ठेवा. फुकट आहे आणि पाच मिनिटांचं काम आहे.

पदवी हातात आहे, नोकरी सुरू आहे, वय तिशीच्या आत आहे, पण शिकायला जायचं नाही, नुसता अनुभव हवा आहे, अशांसाठी दोन सोडती आहेत. ब्रिटनच्या यंग प्रोफेशनल्स स्कीममध्ये भारतीयांसाठी वर्षाला 3000 जागा. वय 18 ते 30, पदवी, खात्यावर 2530 पौंड, आणि सोडतीत नाव निघालं तर दोन वर्षांचा व्हिसा. सोडतीत नाव घालायला पैसे लागत नाहीत. ऑस्ट्रेलियाने 2024 पासून भारतीयांना वर्क अँड हॉलिडे व्हिसा खुला केला आहे, वर्षाला 1000 जागा, तिथेही सोडत. या शिष्यवृत्त्या नव्हेत, व्हिसाचा आणि तिथल्या राहण्याचा खर्च आपलाच. तरी एजंटला पैसे देण्याआधी या दोन गोष्टी माहीत असाव्यात.

कागदपत्रं: खरी अडचण इथेच

गुणवत्ता कमी पडली म्हणून जितके अर्ज मागे पडतात, तितकेच नावातल्या घोळामुळे अडकतात. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर नाव आडनावापासून सुरू होतं. आधारवर आडनाव शेवटी. पासपोर्टवर आडनावाचा रकानाच वेगळा. कुठे आईचं नाव जोडलेलं, कुठे वडिलांच्या नावामागे 'भाऊ' किंवा 'राव' चिकटलेलं. त्यात चौधरी हे आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलं जातं: शेवटी कुठे आय तर कुठे वाय, मध्ये कुठे ए-यू तर कुठे ओ-यू. परदेशातल्या प्रवेश कार्यालयात बसलेल्या माणसाला ही दोन वेगळी माणसं वाटतात, आणि त्यात त्याचा दोष नाही.

म्हणून पहिली पायरी: दहावीची गुणपत्रिका, आधार, पॅन आणि जन्मदाखला टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. एकेक अक्षर जुळवा. दहावीच्या गुणपत्रिकेत चूक असेल तर दुरुस्ती शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे जाते. धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे त्याच मंडळात येतात. आधारवरची चूक आधार केंद्रात सुटते. नाव खरोखर बदललं असेल, लग्नानंतर किंवा अन्यथा, तर महाराष्ट्र शासन राजपत्रात नोंद करून घ्या. फरक किरकोळ असेल तर 'ही दोन्ही नावं माझीच' असं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र बऱ्याच ठिकाणी चालतं. हे सगळं जुळलं की मगच पासपोर्ट काढा. साध्या 36 पानी पासपोर्टची फी 1500 रुपये. त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही, जळगावच्या पोस्टातही पासपोर्ट सेवा केंद्र आहे. पोलीस पडताळणीसाठी फोन येईल तेव्हा अर्जात दिलेल्या पत्त्यावर हजर राहा. पुण्यात शिकताय आणि पत्ता पारोळ्याचा दिलाय, तर दोन खेपा ठरलेल्या.

दुसरी थप्पी शासकीय दाखल्यांची. उत्पन्नाचा दाखला दर वर्षी नवा लागतो. अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर आणि जातवैधता यांपैकी जे लागू असेल ते बारावीतच मार्गी लावा. खान्देशात काही जमातींच्या दाखल्यांची पडताळणी किती लांबते हे इथल्या घराघरांत माहीत आहे. परदेशी विद्यापीठाचं प्रवेशपत्र हातात, विमान सप्टेंबरात, आणि वैधता समितीची तारीख नोव्हेंबरात, असं झालं की कोणी काही करू शकत नाही.

तिसरी थप्पी विद्यापीठाची. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या मुलांनी चार गोष्टी मागून घ्याव्यात: ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचा एकत्रित अधिकृत उतारा), सीजीपीएचे टक्क्यांत रूपांतर कसं होतं याचं पत्र, शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं याचं पत्र, आणि पदवी प्रमाणपत्र अजून आलं नसेल तर तात्पुरतं प्रमाणपत्र. माध्यमाचं पत्र कॉलेजच्या लेटरहेडवरही चालतं, काही परदेशी विद्यापीठं त्यावर इंग्रजीची परीक्षा माफ करतात. सीजीपीएचं पत्र विसरू नका. 10 पैकी 8.1 म्हणजे किती, हे अर्ज तपासणाऱ्याने अंदाजाने ठरवलं तर अंदाज आपल्या बाजूने पडेलच असं नाही.

जर्मनीला जायचं असेल तर भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर 2022 पासून एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं आहे, म्हणजे कागद खरे असल्याची जर्मन बाजूने केलेली तपासणी. फी 18,000 रुपये, आणि यायला वेळ लागतो. दक्षिण कोरियासारखे देश पुढच्या टप्प्यावर कागदांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात ग्राह्य धरलं जाणारं सरकारी साक्षांकन, मागतात. आधी राज्य पातळीवर साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, असा त्याचा मार्ग. सगळे कागद उगाच आधीच अपोस्टिल करून पैसे घालवू नका, मागितले तरच करा.

सगळे कागद स्कॅन करताना मोबाइलने पलंगावर ठेवून काढलेला फोटो नको. झेरॉक्सच्या दुकानात नीट पीडीएफ करून घ्या आणि फाइलला नाव द्या. 'स्कॅन 0047' या नावाची फाइल अर्जाच्या शेवटच्या रात्री सापडत नाही.

काम कुठे करायचं, आणि त्याची नोंद कशी ठेवायची

एनएसएसमध्ये दोन वर्षांत 240 तास आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर होतं. बहुतेकांसाठी ते हजेरीचे तास असतात. थोडं मन लावलं तर तेच तास अर्जाचा कणा होतात. नंदुरबारमध्ये सिकलसेल तपासणीची शिबिरं होतात, तिथे धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून आलेल्या बाईला पावरीत किंवा भिलीत तपासणी समजावून सांगणारा स्वयंसेवक सोन्यासारखा असतो. शिरपूर तालुक्यात नाले खोल करून बंधारे बांधले आणि विहिरींचं पाणी वाढलं, तो 'शिरपूर पॅटर्न' बघायला बाहेरून लोक येतात. शेजारच्या तालुक्यातल्या मुलाने दोन उन्हाळे विहिरींची पातळी मोजली तरी ती त्याची स्वतःची आकडेवारी होते. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात गावाने जंगल राखलं, त्या कामासाठी चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. अशा ठिकाणी नुसतं फोटो काढायला जाऊ नका, काहीतरी काम मागा. झाडांची मोजणी असो की रजिस्टर लिहिणं.

नोंद ठेवायला शंभर पानी वही पुरते. तारीख, ठिकाण, किती तास, नेमकं काय केलं, आणि हे कोण सांगू शकेल त्याचं नाव व फोन. चेवनिंग बिनपगारी स्वयंसेवाही अनुभवात धरतं, मात्र पदवीचा सक्तीचा भाग असलेली इंटर्नशिप धरत नाही. आठवड्याला 35 तास धरले तर 2800 तास म्हणजे 80 आठवडे. ते एका नोकरीतच भरायला हवेत असं नाही, तुकड्यातुकड्याने जमतात. पण तुकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून वही.

पुढची पायरी घरबसल्या आहे आणि आपल्याकडे तिचा वापर फार कमी होतो. संयुक्त राष्ट्रांच्या यूएन व्हॉलंटिअर्सची ऑनलाइन स्वयंसेवा 18 वर्षांवरील कोणालाही खुली आहे. फी नाही, पगारही नाही. एक काम जास्तीत जास्त 12 आठवड्यांचं, आठवड्याला 20 तासांपर्यंत. भाषांतर, पोस्टरची रचना, माहितीचं संकलन, छोटं संशोधन अशी कामं असतात. यावलमध्ये बसून परदेशातल्या एखाद्या संस्थेसाठी तक्ते तयार करून देता येतात, आणि काम झाल्यावर प्रमाणपत्र मिळतं. यातूनच परक्या माणसाशी इंग्रजीत मेल कसा लिहायचा, मुदत चुकली तर कसं कळवायचं, हे अंगवळणी पडतं. पुढे प्रत्यक्ष परदेशी जाऊन काम करायचं असेल तर त्याच संस्थेत 18 ते 26 वयासाठी युथ व्हॉलंटिअर ही श्रेणी आहे. तिथे राहण्याचा भत्ता मिळतो, स्पर्धा अर्थातच मोठी.

'वूफ' नावाची सेंद्रिय शेतांची साखळी 1971 पासून चालू आहे. शेतावर काम करायचं, बदल्यात राहणं आणि जेवण. शेतकऱ्याच्या मुलाला हे सोपं वाटेल. पण सांभाळा: अनेक देशांत पर्यटक व्हिसावर असं काम करणंही 'काम'च समजलं जातं आणि विमानतळावरून परत पाठवतात. व्हिसाचे नियम त्या देशाच्या दूतावासाच्या पानावर वाचल्याशिवाय तिकीट काढू नका. उलट बाजूने, आपल्याच सेंद्रिय शेतावर परदेशी पाहुणे बोलावता येतात. एक खोली आणि स्वच्छ संडास असेल तर मुलांचं इंग्रजी घरबसल्या सुधारतं, आणि कळण्याच्या भाकरीला नवे चाहते मिळतात.

सरकारी शिष्यवृत्त्या आधी बघा

कुठल्या परदेशी संस्थेच्या मागे लागण्याआधी मुंबई आणि दिल्लीकडे बघा. राज्यात अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे, दर वर्षी 75 जणांसाठी. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास विभागाची योजना आहे, तिची चौकशी नंदुरबार, तळोदा, धुळे किंवा यावलच्या प्रकल्प कार्यालयात करा. इतर मागास, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी इतर मागास बहुजन कल्याण विभाग, मराठा आणि कुणबी मुलांसाठी सारथी, खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांसाठी तंत्रशिक्षण संचालनालय, अल्पसंख्याकांसाठी अल्पसंख्याक विकास विभाग. या सगळ्यांत एक समान गोष्ट: परदेशी विद्यापीठाचं प्रवेशपत्र आधी हातात लागतं, आणि ते विद्यापीठ क्यूएस या जागतिक विद्यापीठांच्या क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावं लागतं. उत्पन्न, वय आणि क्रमवारीच्या अटी बदलत आल्या आहेत, तेव्हा गेल्या वर्षीच्या यूट्यूब व्हिडिओवर विसंबू नका, चालू वर्षाची जाहिरातच वाचा.

केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप दोन मंत्रालयांची आहे. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या 125 जागा: अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांतल्या मुलांसाठी. पदवीला 60 टक्के, वय 35 च्या आत, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत. भूमिहीन शेतमजुरांसाठीही यात जागा आहेत हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. एक खाच लक्षात ठेवा: 2022 पासून भारताची संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारतावरचं सामाजिक संशोधन असा विषय घेऊन ही शिष्यवृत्ती मिळत नाही. आदिवासी मंत्रालयाच्या वेगळ्या 20 जागा आहेत, त्यातल्या 3 अतिमागास आदिम जमातींसाठी.

परदेशी देशांच्या शिष्यवृत्त्या, थोडक्यात

युरोपीय संघाची इरॅस्मस मुंडस ही माझ्या मते खान्देशातल्या पदवीधराला सर्वांत योग्य. नोकरीच्या अनुभवाची सरसकट अट नाही, शेवटच्या वर्षातला विद्यार्थीही अर्ज करू शकतो, अर्जाला फी नाही. एक ते दोन वर्षांचा मास्टर्स किमान दोन देशांत, शिक्षणशुल्क माफ, दरमहा 1400 युरो. प्रत्येक अभ्यासक्रमाचा अर्ज वेगळा असतो, त्यामुळे यादीतून आपल्या विषयाचे दोन-तीन निवडा आणि त्यांवरच मेहनत घ्या.

चेवनिंग एक वर्षाच्या मास्टर्ससाठी. अर्ज ऑगस्टमध्ये उघडतात, तीन अभ्यासक्रम निवडायचे, आणि शिक्षण झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट. जपानची मेक्स्ट बारावीनंतरही मिळते: फी माफ, विमान, सुरुवातीला जपानी भाषेचं वर्ष, आणि पदवीच्या विद्यार्थ्याला दरमहा 1,17,000 येन. निवड दूतावासाच्या लेखी परीक्षेतून. कोरियाची जीकेएस पदवीसाठी 25 वर्षांखालच्यांना, पुढच्या शिक्षणासाठी 40 खालच्यांना, साधारण 80 टक्के गुण हवेत आणि पहिलं वर्ष कोरियन भाषेचं. हंगेरीच्या स्टायपेंडियम हंगारिकमला त्यांच्या पोर्टलबरोबर आपल्या शिक्षण मंत्रालयाकडेही अर्ज करावा लागतो. दुसरा अर्ज राहिला की पहिला वाया.

जर्मनीत शिष्यवृत्ती नाही मिळाली तरी बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र परदेशी विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1500 युरो पडतात. पहिल्या वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो गोठवलेल्या खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते) दाखवावे लागतात, आणि खरी अडचण तिथेच येते. त्यासाठी के. सी. महिंद्रा ट्रस्टची बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती आणि 1892 पासून चालू असलेलं जे. एन. टाटा एन्डोमेंट ही दोन नावं बँकेत जाण्याआधी पाहा.

वेळापत्रकाचं गणित आपल्याकडे विचित्र जमतं. मोठ्या मुदती ऑक्टोबर ते जानेवारीत येतात. त्याच वेळी घरात कापसाची वेचणी आणि कॉलेजात सेमिस्टरची परीक्षा. म्हणून निबंध, शिफारशी आणि इंग्रजीची परीक्षा पावसाळ्यातच उरकायची. केंद्राची ओव्हरसीज फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, राज्याच्या योजना साधारण उन्हाळा संपताना. सप्टेंबर 2027 ला जायचं असेल तर जून 2026 ला सुरुवात, त्यानंतर नव्हे.

निबंध: दोन पानांत तुम्ही

इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हुशार मुलंही इथेच हरतात. सर्रास दिसणारी सुरुवात अशी असते: "मला लहानपणापासून शेतीची आवड आहे. भारत हा कृषिप्रधान देश आहे. मला देशासाठी काहीतरी करायचं आहे." यात खोटं काही नाही, पण हे लाखभर मुलं लिहू शकतात. आता रावेरच्या केळी उत्पादकाच्या मुलीने असं लिहिलं समजा:

"जुलैत आमच्या टिश्यूच्या रोपांवर सीएमव्ही आला. वडिलांनी रोपं उपटून बांधावर टाकली. बांधापलीकडे काकाने काकडी लावली होती. हा विषाणू काकडीवर्गीय पिकांत राहतो आणि मावा तो पसरवतो, हे मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षात वाचलं. मी शेजारच्या शेतांचा नकाशा काढला, कोणाकडे काकडी, कोणाकडे किती रोपं उपटली हे लिहिलं. रोपं विकणाऱ्याला वाटतं दोष हवामानाचा, शेतकऱ्याला वाटतं रोपांचा. मला विषाणूचा प्रसार मोजायला शिकायचं आहे, आणि तुमच्या अभ्यासक्रमात वनस्पती रोगांच्या साथींवर जे सेमिस्टर आहे, ते त्यासाठीच हवं."

दुसऱ्या उताऱ्यात 'आवड', 'स्वप्न', 'देशसेवा' हे शब्द नाहीत. तिने काय पाहिलं, काय केलं, कुठे अडली, आणि तुमच्याकडेच का यायचं, एवढंच आहे. हीच चौकट तुमच्या विषयाला लावा. साक्रीच्या 125 मेगावॉट सौर प्रकल्पाजवळ राहणाऱ्या मुलाकडे, सरदार सरोवराच्या विस्थापितांच्या वसाहतीतल्या मुलीकडे, भुसावळच्या रेल्वे यार्डात वडील काम करतात त्याच्याकडे असा प्रसंग असतोच. तो गरिबीची करुण कहाणी म्हणून मात्र लिहू नका. "आम्ही किती हाल काढले" यावर निवड होत नाही, त्या हालातून तुम्ही काय ओळखलंत यावर होते.

एआयने निबंध लिहून घेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. व्याकरण तपासायला वापरा. सगळा निबंध त्याच्याकडून आणलात तर तो पहिल्या उताऱ्यासारखाच येतो, फक्त इंग्रजी चकचकीत. आधी मराठीत, नाहीतर घरात बोलता त्या अहिराणीत बोलून रेकॉर्ड करा: "तू काय करी राहिना?" असं मित्राने विचारलं तर काय सांगाल तसं. मग ते इंग्रजीत उतरवा.

अर्जात भाषांचा रकाना असतो. तिथे इंग्रजी-हिंदी-मराठी लिहून मुलं थांबतात. अहिराणी, पावरी, भिली, लेवा गणबोली येत असेल तर तेही लिहा. आरोग्य, वनहक्क, शिक्षण या विषयांत ते कौशल्य आहे.

शिफारसपत्र

आपल्या प्राध्यापकांचं नेहमीचं उत्तर: "तूच लिहून आण रे, मी सही करतो." सर चांगल्या मनाने म्हणतात, पण आजकाल पोर्टल थेट सरांच्या मेलवर लिंक पाठवतं, आणि पत्र त्यांनाच अपलोड करावं लागतं. बऱ्याच ठिकाणी कॉलेजच्या अधिकृत मेलचा पत्ता लागतो, जीमेल चालत नाही. तेव्हा मुदतीच्या दीड महिना आधी सरांना एक पान द्या: तुम्ही त्यांच्याकडे कोणते विषय शिकलात, कोणता प्रकल्प केलात, गुण, एखादा लक्षात राहील असा प्रसंग, आणि मुदत मोठ्या अक्षरांत. लिंक गेल्याच्या दिवशी फोन करून "सर, स्पॅममध्ये बघा ना एकदा" हे सांगायला लाजू नका. मोठ्या पदावरच्या ओळखीच्या माणसाचं पत्र आणण्यापेक्षा तुम्हाला खरोखर ओळखणाऱ्या शिक्षकाचं पत्र चांगलं. आमदारांचं लेटरहेड इथे चालत नाही.

इंग्रजीच्या परीक्षेबद्दल एवढंच: आयईएलटीएसची फी सतरा-अठरा हजारांच्या घरात आहे आणि गुण दोनच वर्षं ग्राह्य धरतात, त्यामुळे फार लवकर देऊ नका. तुमच्या अभ्यासक्रमाला माध्यमाचं पत्र किंवा घरून देता येणारी स्वस्त परीक्षा चालते का, ते आधी बघा. घरून द्यायची असेल तर वीज जाणार नाही अशा जागी बसा.

पैसे कोण कोणाला देतंय?

चेवनिंग, इरॅस्मस, मेक्स्ट, जीकेएस, डाड यांपैकी कोणीही शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी पैसे घेत नाही. परीक्षा, एपीएस, व्हिसा, अपोस्टिल यांचे पैसे लागतात, पण ते ठरलेल्या ठिकाणी, पावतीसह. रोटरी किंवा एआयसेक या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसारख्यांच्या कार्यक्रमांत शुल्क असतं आणि ते आधीच सांगितलेलं असतं. याउलट 'तुमची आंतरराष्ट्रीय युवा परिषदेसाठी निवड झाली आहे, अमुक डॉलर भरून जागा निश्चित करा' असं पत्र आलं, की समजा तुम्ही ग्राहक आहात. इस्तंबूल, बँकॉक, दुबईच्या हॉटेलांत तीन दिवसांच्या अशा परिषदा भरतात, सुटाबुटात फोटो निघतात, गावात बॅनर लागतो. हौस म्हणून जायचं तर जा, पण त्याला निवड म्हणू नका, आणि त्यासाठी शेत गहाण ठेवू नका.

याहून गंभीर प्रकार नोकरीच्या नावाखाली चालतो. थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी सांगून मुलांना म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेलं गेलं, 2025 मध्ये तिथून शेकडो भारतीयांना परत आणावं लागलं. परदेशी नोकरी लावून देणारा एजंट सरकारकडे नोंदणीकृत आहे का, हे ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतं. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क 30,000 रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. कॅफेत भेटून रोख मागणाऱ्याला हे नुसतं ऐकवा, पुढचं बोलणं तिथेच थांबतं.

घरच्यांना, बँकेला आणि व्हिसा अधिकाऱ्याला

मुलींच्या बाबतीत सर्वांत अवघड मुलाखत घरातली. "इतली दूर पोरले एकली कशी धाडू?" या आईच्या प्रश्नाला शिष्यवृत्तीची रक्कम हे उत्तर नाही. वसतिगृहाचा पत्ता, विद्यापीठातल्या भारतीय विद्यार्थी मंडळाचा संपर्क, तिथे आधी गेलेल्या एखाद्या मराठी मुलीशी आईचं व्हिडिओवर बोलणं, याने काम होतं. शक्यतो अर्ज करण्यापूर्वीच हे बोलून घ्या.

शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता तुम्ही पोचल्यावर काही आठवड्यांनी जमा होतो असं धरूनच चाला. घराची अनामत, थंडीचे कपडे आणि पहिल्या दोन महिन्यांचं जेवण यासाठी रक्कम बाजूला हवी. सोसायटीचं पीककर्ज थकलेलं असताना पुन्हा उसनवारी करण्यापेक्षा ती कुठून येणार हे मुलाखतीआधी ठरवा. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबई-पुण्याच्या केंद्रात जावं लागतं. भेटीची वेळ मिळायला आठवडे लागतात, म्हणून प्रवेशपत्र आल्याच्या दिवशीच ती घ्या. खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम व्हिसा अधिकाऱ्याच्या डोळ्यांत भरते. केळीची पट्टी आली असेल तर व्यापाऱ्याची पट्टी आणि सातबारा सोबत जोडा.

निवड झाली नाही तर बहुतेक ठिकाणी कारण कळवत नाहीत. इरॅस्मसमध्ये राखीव यादी असते, ती उन्हाळ्यापर्यंत हलते, तेव्हा मेल बघत राहा. चेवनिंगला पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो. दुसऱ्या वर्षी तोच निबंध पाठवू नका. वही उघडा, गेल्या बारा महिन्यांत काय नवीन केलं ते त्यात घाला, आणि शिफारस देणारे बदलायचे का हे एकदा सरांच्या पाठीमागे, पण प्रामाणिकपणे, ठरवा.